जुन्या सेवांचा तुटलेला बिल्ड आधी दुरुस्त करा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की वृत्तपत्रांत ‘तांत्रिक कारणामुळे सेवा विस्कळीत’ एवढी एक ओळ छापून येते आणि सेवा पूर्ववत सुरू झाली की विषय तिथेच मिटतो. ती सुरू व्हायला काही तास लागले की काही आठवडे, आणि एवढा वेळ नेमका कशात गेला, हे सहसा कोणी विचारत नाही. जुन्या वेब सेवांची देखभाल करणारा एक अभियंता या नात्याने मला या प्रश्नाच्या एका बाजूकडे वाचकांचे, आणि विशेषतः अशा सेवांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांचे व व्यवस्थापकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ती बाजू म्हणजे या सेवांचा तुटलेला आणि वर्षानुवर्षे तसाच पडून राहिलेला बिल्ड.

प्रोग्रामरने लिहिलेला कोड सहसा जसाच्या तसा सर्व्हरवर चालत नाही. तो कंपाइल करावा, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलावा लागतो, त्याला लागणाऱ्या तयार लायब्ररी (इतरांनी आधीच लिहून ठेवलेले कोडचे भाग) नेटवरून आणाव्या लागतात, चाचण्या चालवाव्या लागतात आणि शेवटी सर्व्हरवर चढवता येईल अशी फाइल तयार व्हावी लागते. या सगळ्या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात, आणि जेनकिन्ससारखी साधने ती प्रत्येक बदलानंतर किंवा रोज रात्री आपोआप चालवतात. सर्व पायऱ्या पार पडल्या तर बिल्ड हिरवा, एक जरी अडली तरी लाल. सेवा मात्र कधीकाळी तयार झालेल्या जुन्या फाइलवर व्यवस्थित चालू असते, त्यामुळे लाल झालेला बिल्ड वापरणाऱ्याला दिसत नाही आणि वरिष्ठांनाही खुपत नाही. तो खुपतो ते त्या सेवेत तातडीने काही बदलण्याची वेळ येते तेव्हा.

बैठकीत हमखास विचारला जाणारा पहिला प्रश्न असा असतो: ‘कोडमध्ये कोणी काहीच बदल केला नाही, मग बिल्ड फेल कसा झाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तांत्रिक नसलेल्या माणसालाही समजण्यासारखे आहे. कोड स्थिर असला तरी तो ज्या जगावर टेकलेला असतो ते स्थिर नसते. जावामध्ये लिहिलेल्या, सोप (दोन सेवांनी एकमेकींशी बोलण्याची ठरलेली पद्धत) आणि डब्ल्यूएसडीएल (सेवेला काय विचारता येते आणि ती काय उत्तर देते याचे वर्णन करणारी फाइल) वापरणाऱ्या सेवांचेच उदाहरण घेऊ, कारण दोन हजारच्या दशकात उभ्या राहिलेल्या असंख्य सेवा याच घडणीच्या आहेत. असे प्रकल्प लायब्ररी आणण्यासाठी बहुधा मेव्हन हे बिल्डचे साधन वापरतात आणि मेव्हन त्या मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारातून उतरवून घेते. या भांडाराने २०१८ च्या जून महिन्यात टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांना नकार द्यायला सुरुवात केली. जावा ७ ला टीएलएस १.२ येते, पण ते स्वतःहून वापरायची त्याची सवय नाही. त्यामुळे जावा ७ वर चालणारे बिल्ड एका दिवसात आंधळे झाले. पुढे १५ जानेवारी २०२० पासून या भांडाराने साधे एचटीटीपी पूर्ण बंद केले आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक विनंतीला ५०१ हा क्रमांक देऊन ‘एचटीटीपीएस आवश्यक’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये मेव्हनच्या ३.८.१ आवृत्तीने तर बाहेरच्या एचटीटीपी भांडारांकडे जाणेच आपल्या बाजूने अडवले. हे तिन्ही निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्य होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या प्रकल्पाच्या पॉम फाइलमध्ये (मेव्हनला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये) जुना पत्ता लिहिलेला होता आणि जिथे पाहणारे कोणी नव्हते, तिथला बिल्ड त्या दिवसापासून लाल झाला तो झालाच.

काही भांडारे तर अस्तित्वातच राहिली नाहीत. जावाच्या वेब सेवांशी संबंधित लायब्ररी एके काळी ज्या जावा डॉट नेटवर मिळत, ते संकेतस्थळ एप्रिल २०१७ मध्ये बंद झाले. त्याआधी २०१५ मध्ये कोडहाऊस मावळले होते. बिनट्रे मे २०२१ मध्ये बंद पडले आणि त्याच्याशी जोडलेल्या जेसेंटरवर नवे काही येणे थांबले. गंमत नव्हे, खरोखर काळजीची बाब अशी की हे पत्ते आपल्या पॉममध्ये नसले तरी आपण वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीच्या पॉममध्ये दडलेले असू शकतात. मग मेव्हन बिचारे त्या मेलेल्या पत्त्यावर उत्तराची वाट पाहत बसते आणि बिल्ड वेळ संपून पडतो.

अशा वेळी लॉग, म्हणजे बिल्डच्या प्रत्येक पायरीची ओळीओळीने होणारी नोंद, कसा वाचावा, हे नव्या मुलांना कोणी शिकवत नाही. स्क्रीनवर शेवटी दिसणाऱ्या लाल ओळी कॉपी करून शोधयंत्रात टाकायच्या, ही सर्वत्र रुजलेली सवय आहे. पण शेवटची ओळ म्हणजे परिणाम असतो, कारण नव्हे. मेव्हनच्या बाबतीत तर ही ओळ हमखास चकवा देते: एखादी लायब्ररी एकदा मिळाली नाही की ते अपयश ते आपल्या स्थानिक साठ्यात नोंदवून ठेवते आणि ठरावीक काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. त्यामुळे माणूस पॉममधला पत्ता दुरुस्त करतो, बिल्ड पुन्हा चालवतो, तोच संदेश पाहतो आणि आपली दुरुस्ती चुकीची होती असे समजून ती मागे घेतो. प्रत्यक्षात दुरुस्ती बरोबर असते. फक्त मेव्हनला नव्याने शोध घ्यायला भाग पाडायचे किंवा साठ्यातला तो फोल्डर काढून टाकायचा राहिलेला असतो. म्हणून लॉग वरून खाली वाचावा, पहिली चूक जिथे आली तिथेच थांबावे आणि ती सुटेपर्यंत पुढच्या पन्नास चुकांकडे पाहू नये. त्यांतल्या बहुतेक पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात.

लायब्ररी मिळाल्या की दुसरा अडथळा खुद्द जावाच्या आवृत्तीचा. २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून वेब सेवांसाठी लागणारे जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्सबी हे घटक जावासोबतच मिळत, त्यामुळे कोणी ते पॉममध्ये वेगळे लिहीत नसे. २०१७ च्या जावा ९ मध्ये ते डीफॉल्ट यादीतून वगळले गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते पूर्णपणे काढून टाकले गेले. डब्ल्यूएसडीएलवरून क्लास (जावा कोडचे भाग) तयार करणारे डब्ल्यूएस-इम्पोर्ट हे साधनही त्यांच्याबरोबर गेले. बिल्ड सर्व्हरची देखभाल करणाऱ्याने जेनकिन्स अद्ययावत केले, जेनकिन्सच्या नव्या आवृत्तीला २०२२ मध्ये किमान जावा ११ लागू लागले म्हणून मशीनवर जावा ११ टाकले आणि ज्या प्रकल्पांनी आपली जावा आवृत्ती स्पष्ट नोंदवलेली नव्हती ते सगळे एका रात्रीत ‘जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड हे पॅकेज सापडत नाही’ असे सांगू लागले, असा हा घटनाक्रम आहे. यात जेनकिन्स चालायला लागणारे जावा आणि प्रकल्प कंपाइल करायला लागणारे जावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले तर निम्मा प्रश्न सुटतो. मशीनवर दोन्ही आवृत्त्या ठेवता येतात आणि मेव्हनच्या टूलचेन सुविधेने प्रकल्पाला त्याची आवृत्ती नेमून देता येते.

नव्या जावावर खरोखरच जायचे असेल तर घटक पॉममध्ये हाताने लिहावे लागतात, आणि इथे घाईने केलेली एक निवड फार महागात पडते. सगळ्यांत नवी आवृत्ती घ्यावी असे स्वाभाविकपणे वाटते, पण या घटकांच्या ३.० आवृत्तीपासून पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ अशी बदलली आहेत. ती घेतली की शेकडो फाइलींतले इम्पोर्ट, म्हणजे ती नावे घेणाऱ्या ओळी, एकदम तुटतात आणि बिल्ड दुरुस्त करायला बसलेला माणूस संपूर्ण प्रकल्पाच्या स्थलांतरात ओढला जातो. २.३ मालिकेत जुनी नावे कायम आहेत. आधी तिच्यावर बिल्ड हिरवा करावा आणि नामांतराचे काम सवडीने, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) घ्यावे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रकार म्हणजे बिल्ड चालू असताना नेटवरून डब्ल्यूएसडीएल आणण्याची पद्धत. दुसऱ्या विभागाच्या किंवा भागीदार संस्थेच्या सेवेशी बोलायचे असते, तिच्या डब्ल्यूएसडीएलचा पत्ता पॉममध्ये लिहिलेला असतो आणि प्रत्येक बिल्डच्या वेळी तो तिथून उतरवून क्लास तयार केले जातात. समोरची सेवा रात्री देखभालीसाठी बंद असली की आपला बिल्ड लाल. त्यांनी एखादे क्षेत्र ऐच्छिक केले की आपल्या कोडमध्ये काहीही न बदलता तयार होणाऱ्या क्लासचा आकार बदलतो आणि कंपाइल अडते. त्याहून वाईट म्हणजे कंपाइल होते आणि चूक थेट चालू सेवेत उतरते. या डब्ल्यूएसडीएलमधून पुन्हा इतर स्कीमा फाइलींचे (माहितीची रचना सांगणाऱ्या फाइलींचे) संदर्भ निघतात. २०१४ च्या जावा ८ पासून अशा बाहेरच्या स्कीमा वाचण्यावर सुरक्षेसाठी निर्बंध आला आहे, त्यामुळे ‘ॲक्सेस-एक्स्टर्नल-स्कीमा’चा उल्लेख असलेला संदेश येऊन बिल्ड थांबतो आणि अनेक जण ते बंधन संपूर्ण मशीनसाठीच उठवून मोकळे होतात. योग्य उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा आहे. डब्ल्यूएसडीएल आणि तिच्या सर्व स्कीमा प्रकल्पातच ठेवाव्यात, त्यांचे आपसांतले संदर्भ स्थानिक करावेत, परवानगी केवळ त्या साधनाला आणि केवळ स्थानिक फाइलींपुरती द्यावी. समोरच्यांनी आपली सेवा बदलली का, हे तपासणारे काम वेगळे लावावे. त्याचा निकाल आपल्या बिल्डच्या आड येता कामा नये.

ही सवय सार्वजनिक नेटवरही केवढे ओझे टाकते, याची कल्पना वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये दिली होती. त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या डीटीडी फाइलींसाठी (याही माहितीची रचनाच सांगतात) दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या. जगभरातल्या प्रोग्रामांनी त्या फाइलींची एक प्रत स्वतःजवळ ठेवली असती तर त्यांतल्या बहुसंख्य विनंत्या झाल्याच नसत्या.

कंपाइल पार पडले की चाचण्या अडतात, आणि देवनागरी हाताळणाऱ्या सेवांना इथे एक खास अडचण येते. जावाच्या जुन्या आवृत्त्या अक्षरांची एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये कशी लिहायची ते, मशीनच्या मांडणीवरून ठरवत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगला सर्वत्र मूळ मानण्याचा बदल २०२२ च्या जावा १८ मध्ये आला. त्यामुळे प्रोग्रामरच्या संगणकावर उत्तम चालणारी चाचणी बिल्डच्या कंटेनरमध्ये (बिल्डसाठी उभ्या केलेल्या वेगळ्या वातावरणात), जिथे कोणतीही भाषा नेमलेली नसते, तिथे फसते. लॉगमध्ये अपेक्षित नावाच्या जागी देवनागरी अक्षरे आणि मिळालेल्या नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसतात. मेव्हन याची सूचना आधीच देत असते, की मशीनची एन्कोडिंग वापरली जात असल्याने हा बिल्ड मशीनवर अवलंबून आहे. पण ती पिवळी ओळ असल्याने कोणी वाचत नाही. पॉममध्ये यूटीएफ-८ लिहिणे हा याचा पहिला भाग झाला. कोडमध्ये जिथे जिथे मजकुराचे बाइटमध्ये रूपांतर होते तिथे एन्कोडिंग नावानिशी देणे हा खरा भाग आहे, कारण जी चूक चाचणीत प्रश्नचिन्हे दाखवते तीच चूक एखाद्या नागरिकाच्या कायमच्या नोंदीतही प्रश्नचिन्हे लिहू शकते. तारखांच्या चाचण्यांचेही असेच आहे. जावा ९ पासून भाषानिहाय मांडणीचा स्रोत बदलल्याने महिन्यांची संक्षिप्त रूपे आणि वेळेची मांडणी अनेक ठिकाणी बदलली, आणि ठरावीक मजकुराशी जुळवून लिहिलेल्या चाचण्या पडल्या.

या टप्प्यावर एक वाक्य कार्यालयांत ऐकू येते: ‘सध्या टेस्ट वगळून बिल्ड काढा, नंतर बघू.’ त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. चाचण्या वगळणारा पर्याय पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्डच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांमध्ये, एकदा शिरला की तो बाहेर काढणारा माणूस सहसा येत नाही. समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी बंद करून लायब्ररी उतरवण्याचा पर्यायही तसाच. जुन्या जावाच्या विश्वासयादीत नवी मूळ प्रमाणपत्रे नसल्याने ती तपासणी फसते आणि उपाय ती यादी अद्ययावत करणे हाच आहे. तपासणी बंद करून आपण कोणाकडून कोणती फाइल घेत आहोत हेच कळेनासे होते, आणि तीच फाइल पुढे लोकांच्या माहितीला हात लावणाऱ्या सेवेत बसते. एखादी चाचणी खरोखर निरुपयोगी झाली असेल तर ती कारण नोंदवून, नाव घेऊन काढावी. सरसकट सगळ्यांवर पडदा टाकू नये.

दुरुस्तीचा क्रम काय असावा, याबद्दल अनुभवाने माझे मत पक्के झाले आहे. तुटलेला बिल्ड हाती आला की लगेच सगळे अद्ययावत करायला घेऊ नये. जो बिल्ड शेवटचा हिरवा होता, तो त्याच जावावर, त्याच मेव्हनवर, त्याच कमिटवर (कोडच्या त्याच नोंदवलेल्या स्थितीवर) पुन्हा हिरवा करून दाखवावा. त्यासाठी लागणारी मशीन जुनी असेल तर ती पुसण्यापूर्वी तिच्यातल्या मेव्हनच्या स्थानिक साठ्याची प्रत घ्यावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बंद पडलेल्या भांडारांतल्या काही लायब्ररी, आणि कोणी तरी हाताने टाकलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या जार फाइली (जावा लायब्ररींच्या फाइली), जगात फक्त त्या एका डिस्कवर उरलेल्या असू शकतात. नव्या सर्व्हरची तयारी म्हणून जुना सर्व्हर उत्साहाने फॉरमॅट करणाऱ्यांना आपण काय गमावले ते पहिल्या बिल्डला कळते, आणि तेव्हा इलाज उरलेला नसतो. साठा वाचवला की तो संस्थेच्या स्वतःच्या भांडारात, म्हणजे नेक्ससमध्ये किंवा आर्टिफॅक्टरीमध्ये, ठेवावा, म्हणजे बाहेरचे भांडार उद्या बंद झाले तरी आपले काम अडत नाही. ‘लेटेस्ट’ किंवा ‘स्नॅपशॉट’ अशा सरकत्या आवृत्त्यांच्या जागी नेमके क्रमांक लिहावेत. मग जावा, मग मेव्हनचे प्लगइन, मग लायब्ररी, असे एका वेळी एकच पाऊल टाकावे आणि प्रत्येक पावलानंतर बिल्ड हिरवा झाल्याशिवाय कमिट करू नये. हे काम हळू वाटते. पण चार बदल एकत्र करून लाल झालेल्या बिल्डमधून दोषी बदल हुडकण्यापेक्षा ते निश्चितच लवकर होते.

बिल्ड हिरवा झाल्याची खात्री नेहमी रिकाम्या मशीनवर करावी. प्रोग्रामरच्या संगणकावर जमलेल्या जुन्या फाइलींमुळे तिथे जे चालते ते पुरावा म्हणून धरता येत नाही.

व्यवस्थापकांचा आक्षेप मला माहीत आहे: सेवा चालू आहे, वापरणारे समाधानी आहेत, मग न दिसणाऱ्या कामावर माणसांचे आठवडे का खर्चावेत? याचे उत्तर डिसेंबर २०२१ ने दिले. लॉगफोरजे या असंख्य जावा सेवांत असलेल्या, लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत एक गंभीर छिद्र उघड झाले. बाहेरच्या माणसाने पाठवलेला साधा मजकूर लॉगमध्ये लिहिला जाताच सर्व्हरवर त्याचा कोड चालू शकत होता. त्याच महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा आवृत्त्या लागोपाठ आल्या, कारण प्रत्येक दुरुस्तीत काही ना काही त्रुटी सापडत गेली. ज्यांचा बिल्ड हिरवा होता त्यांना प्रत्येक वेळी पॉममधला एक क्रमांक बदलून, चाचण्या चालवून सेवा नव्याने चढवायची होती. ज्यांचा बिल्ड तुटलेला होता त्यांना आधी वर सांगितलेल्या सगळ्या अडथळ्यांतून जावे लागणार होते, आणि तेही छिद्र उघडे असताना. जावा ७ आणि जावा ६ वर अडकलेल्यांसाठी वेगळ्या आवृत्त्या काढण्याची तसदी ही लायब्ररी सांभाळणाऱ्या अपाचे प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी घेतली होती. पण बिल्डच होत नसेल तर ती दुरुस्ती आपल्या सेवेत येणार कशी? चालू सर्व्हरवर हाताने जार बदलणे हा मार्ग काहींनी पत्करला असेल. त्याची नोंद कोडमध्ये राहत नाही आणि पुढच्या वेळी जुनी फाइल चढवली की छिद्र परत येते.

म्हणून देखभालीचे करार करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की ‘सेवा ९९ टक्के वेळ चालू राहील’ या अटीच्या शेजारी आणखी एक अट लिहावी: ठेकेदाराने दर तिमाहीला संस्थेच्या प्रतिनिधीसमोर, रिकाम्या मशीनवर, केवळ कोडभांडारातून घेतलेल्या मजकुरावरून सेवेचा बिल्ड एकही चाचणी न वगळता करून दाखवावा आणि तयार झालेली फाइल चाचणी सर्व्हरवर चढवून दाखवावी. ठेकेदार बदलत असेल तर जुन्याचे शेवटचे देयक हा बिल्ड नव्या ठेकेदाराच्या माणसांच्या हातून हिरवा झाल्यावरच द्यावे. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की पुढच्या वेळी एखादी सेवा ‘तांत्रिक कारणामुळे’ दीर्घकाळ बंद राहिली, तर संबंधितांना एक प्रश्न अवश्य विचारावा: या सेवेचा शेवटचा हिरवा बिल्ड कोणत्या तारखेचा आहे?

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
(सॉफ्टवेअर अभियंता)